फ्लॉरेन्स की व्हेनिस: एकच शहर निवडायचे असेल तर

इटलीच्या पहिल्या सहलीत रोम बहुधा आधीच ठरलेले असते. घोळ होतो तो उरलेल्या दोन-चार रात्रींचा. त्या फ्लॉरेन्सला द्याव्यात की व्हेनिसला, यावर घरात एकमत होत नाही, आणि वेगवान गाडीने ही दोन्ही शहरे एकमेकांपासून सुमारे सव्वादोन तासांच्या अंतरावर असल्यामुळे शेवटी ‘दोन्ही उरकू’ असा तह होतो. मग एका शहरात खोली सोडणे, दुसऱ्या शहरात खोलीचा ताबा घेणे आणि मधल्या वेळात सामान सांभाळणे यात एक अख्खा दिवस जातो, आणि घरी परतल्यावर कोणते चर्च कोणत्या गावातले, हेही नीट आठवत नाही. म्हणून हाताशी रात्री थोड्या असतील तर एकच शहर निवडावे आणि त्याला पुरेसा वेळ द्यावा, असे मी सुचवीन.

निवड करताना ‘अधिक सुंदर कोणते’ हा वाद घालू नये. तो कधी मिटत नाही. विचार करायचा तो ते शहर आपल्याला कुठे आणि केव्हा भेटते याचा. फ्लॉरेन्सचे वैभव भिंतींच्या आत आहे. रस्त्यावरून पाहिले तर तिथले बरेचसे वाडे जाडजूड दगडी आणि काहीसे रुक्ष दिसतात. दार ओलांडून, तिकीट काढून, रांगेत उभे राहून आत गेल्यावर मात्र डोळे दिपतात. व्हेनिसचे बरोबर उलटे आहे. तिथे शहर हीच पाहण्याची वस्तू आहे, ती उघड्यावर मांडलेली आहे, आणि तिचा उत्तम प्रहर म्हणजे संग्रहालये बंद असतानाची पहाट आणि रात्र. यावरून माझा ठोकताळा असा आहे, की हाताशी दोन रात्री असतील तर व्हेनिस घ्यावे आणि चार असतील तर फ्लॉरेन्स. तीन असतील तर मात्र पुढच्या सगळ्या पायऱ्या चढाव्या लागतील.

पहिली पायरी: दिवस सोडा, रात्री मोजा

आराखडा करताना आपण दिवस मोजतो; पण पोहोचण्याचा आणि निघण्याचा दिवस अर्धाच हाती लागतो, त्यामुळे खरा हिशेब रात्रींचा असतो. व्हेनिसच्या जुन्या बेटांवरची लोकवस्ती आता पन्नास हजारांच्या खाली आली आहे, आणि दिवसा तिथे दिसणारी गर्दी बहुतांशी सकाळी येऊन संध्याकाळी परत जाणाऱ्यांची असते. सकाळी दहा ते संध्याकाळी पाच या वेळात रिआल्तो पूल ते सेंट मार्क चौक या गल्ल्यांमधून चालणे म्हणजे काय, याची कल्पना गणपतीच्या आदल्या दिवशी दादरच्या बाजारात गेलेल्या कोणालाही सहज येईल. त्याच गल्ल्या रात्री उशिरा आणि सकाळी सातच्या आधी जवळजवळ मोकळ्या असतात, आणि शहरात मोटारीच नसल्यामुळे पावलांचा आणि पाण्याचा आवाज तेवढा कानावर येतो. म्हणून फ्लॉरेन्सला किंवा मिलानला मुक्काम ठेवून व्हेनिसची एका दिवसाची धावती भेट घेणे हा सर्वांत वाईट पर्याय आहे. त्यात गर्दी पुरेपूर मिळते आणि व्हेनिस मिळत नाही.

फ्लॉरेन्स दोन रात्रींत का बसत नाही, हे एका उदाहरणाने स्पष्ट होईल. उफिझी हे चित्रसंग्रहालय आणि मायकेलअँजेलोचा डेव्हिड जिथे उभा आहे ते अकादेमिया, ही दोन्ही सोमवारी बंद असतात. रविवारी संध्याकाळी पोहोचून मंगळवारी सकाळी निघणाऱ्या कुटुंबाला यांपैकी एकही पाहता येत नाही, आणि सिन्योरिया चौकातल्या डेव्हिडच्या प्रतिकृतीसमोर छायाचित्र काढून परतावे लागते. (मूळ पुतळा १८७३ साली तिथून हलवून आत नेण्यात आला.) वार अनुकूल असले तरी उफिझीला अर्धा दिवस, कॅथीड्रलच्या परिसराला अर्धा दिवस, अकादेमिया आणि सान मार्कोच्या मठाला एक सकाळ, नदीपलीकडच्या वस्तीला आणि पित्ती राजवाड्याला आणखी एक दिवस लागतो. शिवाय सिएना, लुका किंवा पिसा यांपैकी एखादे गाव पाहण्याची सोय हा फ्लॉरेन्सच्या मुक्कामाचा मोठा फायदा असल्यामुळे चौथी रात्र मुळीच वाया जात नाही.

दुसरी पायरी: सुटी कोणत्या महिन्यात आहे ते पाहा

४ नोव्हेंबर १९६६ या एकाच दिवशी ही दोन्ही शहरे पाण्याखाली गेली. फ्लॉरेन्समध्ये आर्नो नदी पात्र सोडून शहरात शिरली आणि तिने हजारो ग्रंथ व चित्रे चिखलात बुडवली. व्हेनिसमध्ये समुद्राची भरती १९४ सेंटिमीटरपर्यंत चढली, आणि तो उच्चांक आजही मोडलेला नाही. फ्लॉरेन्सच्या दृष्टीने ती शतकात एखाद्या वेळी येणारी आपत्ती होती. व्हेनिसला भरतीचे पाणी दर वर्षी ठरावीक मोसमात येते, साधारणपणे ऑक्टोबर ते जानेवारी या काळात. १२ नोव्हेंबर २०१९ रोजी ते १८७ सेंटिमीटरपर्यंत पोहोचले होते. त्यानंतर ऑक्टोबर २०२० पासून खाडीच्या तीन मुखांवर बसवलेले ‘मोझे’ नावाचे हलते दरवाजे मोठ्या भरतीच्या वेळी उचलले जातात आणि शहराचे बरेच रक्षण होते. सेंट मार्क चौक मात्र शहरातल्या सर्वांत सखल भागांपैकी एक असल्यामुळे, दरवाजे उचलण्याची वेळ येणार नाही एवढ्या मध्यम भरतीतही तिथे काही तास पाणी साचू शकते. दिवाळीच्या सुटीत जाणाऱ्यांनी त्याला घाबरण्याचे कारण नाही. पाणी काही तासांत ओसरते आणि चालण्यासाठी लाकडी फळ्यांचे मार्ग मांडले जातात. फक्त तळमजल्यावरची खोली घेऊ नये आणि एकच कापडी बूटजोड घेऊन जाऊ नये.

आपल्याकडच्या शाळांच्या मे महिन्याच्या सुटीत दोन्हीकडे हवा उत्तम असते आणि प्रकाश रात्री साडेआठपर्यंत राहतो; अडचण फक्त गर्दीची. याच मोसमात व्हेनिसचे प्रवेशशुल्क लागू असते. २०२४ साली सुरू झालेली ही पद्धत केवळ दिवसापुरते येणाऱ्यांसाठी आहे. २०२५ मध्ये एप्रिल ते जुलै या काळातले ५४ दिवस त्यासाठी ठरवले होते, सकाळी साडेआठ ते दुपारी चार या वेळात प्रवेश करणाऱ्यास ५ युरो आणि ऐनवेळी नोंदणी करणाऱ्यास १० युरो असा दर होता. व्हेनिसच्या हद्दीत रात्रीचा मुक्काम करणाऱ्याला हे शुल्क भरावे लागत नाही, परंतु अधिकृत संकेतस्थळावर सवलतीची नोंद करून मिळणारा कोड जवळ ठेवावा लागतो. दिवस आणि दर यांची घोषणा दर वर्षी नव्याने होते, त्यामुळे तारीख ठरताच तपासून घ्यावी.

जुलै आणि ऑगस्ट शक्य तो टाळावेत. डोंगरांच्या कुशीतल्या खोलगट जागी वसलेले फ्लॉरेन्स तेव्हा भट्टीसारखे तापते. व्हेनिसमध्ये तापमान थोडे कमी असले तरी हवा मुंबईसारखी दमट असते आणि संध्याकाळी डास येतात. याच काळात जाणे भाग असेल, तर संग्रहालयांच्या थंड दालनांत दुपार काढता येते म्हणून फ्लॉरेन्स बरे, असे म्हणता येईल. पण वातानुकूलित खोलीची खात्री करूनच आरक्षण करावे. नाताळच्या सुटीत दिवस साडेचार-पाचलाच मावळतो. ज्याला धुके, शांतता आणि रिकामे कालवे आवडतात त्याने तेव्हा व्हेनिसला जावे. ज्याला थंडी सोसत नाही त्याने फ्लॉरेन्सच्या छपरांखाली राहावे. फेब्रुवारीच्या सुमारास येणाऱ्या कार्निव्हलच्या दिवसांत व्हेनिसमधल्या खोल्यांचे दर फार चढतात, त्यामुळे मुखवट्यांचे आकर्षण नसेल तर तो पंधरवडा वगळावा.

तिसरी पायरी: बरोबर कोण आहे

आजी-आजोबा बरोबर असतील तर ‘व्हेनिसमध्ये पूल फार, म्हणून फ्लॉरेन्स’ असा निष्कर्ष पटकन काढला जातो. तो अर्धाच बरोबर आहे. व्हेनिसमध्ये चारशेहून अधिक पूल आहेत आणि जवळजवळ प्रत्येकाला पायऱ्या आहेत, हे खरे. चाकांची मोठी बॅग घेऊन चार पूल ओलांडणे हा तरुण माणसालाही घाम फोडणारा प्रकार आहे. परंतु ही अडचण मुख्यतः सामानाची आहे आणि ती खोली निवडतानाच सोडवता येते: बोटीच्या धक्क्यापासून खोलीपर्यंत एकही पूल लागणार नाही, अशी जागा नकाशावर पाहून घ्यावी आणि घरमालकाला तसे स्पष्ट विचारावे. एकदा सामान टाकले, की ‘वापोरेत्तो’ म्हणजे तिथली सार्वजनिक बोट हे बसून फिरण्याचे उत्तम साधन आहे. पहिल्या क्रमांकाची संथ बोट ‘मोठा कालवा’ म्हणजे ग्रँड कॅनाल या मुख्य कालव्यातून दोन्ही तीरांवर थांबत जाते, आणि गुडघे दुखणाऱ्या माणसालाही पाऊण तासात शहराचे बहुतेक प्रसिद्ध वाडे पाण्यावरून पाहता येतात.

फ्लॉरेन्सचा मध्यभाग सपाट आहे आणि मुख्य स्थानकापासून कॅथीड्रल दहा-पंधरा मिनिटांच्या चालीवर आहे. मात्र तिथला थकवा उभे राहण्याचा असतो. संग्रहालयाच्या दगडी फरशीवर तीन तास सावकाश चालणे हे सरळ रस्त्यावर तीन तास चालण्यापेक्षा पायांना जड जाते, आणि याचा अंदाज घरी बसून येत नाही. कॅथीड्रलच्या घुमटावर जाण्यासाठी ४६३ पायऱ्या आहेत, लिफ्ट नाही, आणि वाट अरुंद आहे. दमा, रक्तदाब किंवा बंद जागेची भीती असणाऱ्यांनी तो नाद सोडावा.

लहान मुलांच्या दृष्टीने व्हेनिस म्हणजे वाहनांची भीती नसलेले मोकळे अंगण आहे, पण कित्येक ठिकाणी कालव्याच्या काठाला कठडा नाही, आणि चालायला नुकत्याच शिकलेल्या मुलामागे सतत धावावे लागते. बाबागाडी पुलांवर उचलूनच न्यावी लागते. दहा-बारा वर्षांच्या मुलांना मुरानो बेटावर भट्टीतून काढलेली काच फुंकून आकाराला येताना पाहायला आवडते. आगीच्या भीतीने व्हेनिसच्या सत्तेने १२९१ मध्ये काचेच्या भट्ट्या शहरातून या बेटावर हलवल्या, हे आधी सांगून ठेवले तर अधिकच. विज्ञानाची आवड असलेल्या मुलांना फ्लॉरेन्समधल्या गॅलिलिओ संग्रहालयात न्यावे. तिथे त्याच्या दुर्बिणी आहेत आणि काचेच्या पात्रात जपलेले त्याचे बोटही आहे. बोटापुढून मुले लवकर हलत नाहीत.

चौथी पायरी: आत रमता की बाहेर, हे प्रामाणिकपणे ठरवा

ही पायरी सर्वांत महत्त्वाची आहे, आणि इथेच माणसे स्वतःची फसवणूक करतात. घरातली मंडळी मुंबईच्या किंवा पुण्याच्या संग्रहालयात गेल्यावर किती वेळाने कँटीनची चौकशी करू लागतात, हे आठवून पाहावे. तासाभरात करत असतील तर फ्लॉरेन्सच्या चार रात्री त्यांच्यावर लादू नयेत. परदेशात गेल्यामुळे आवड बदलत नाही.

ज्यांना चित्र-शिल्पांची खरी ओढ आहे त्यांच्यासाठी मात्र फ्लॉरेन्सला तोड नाही, आणि त्याचे कारण समजून घेण्यासारखे आहे. फ्लॉरेन्सवर सत्ता गाजवणाऱ्या मेदिची घराण्याने पिढ्यान्‌पिढ्या जमवलेला संग्रह घराणे संपताना वारसांमध्ये वाटला गेला असता. पण त्या घराण्यातल्या शेवटच्या स्त्रीने, आना मारिया लुइझा हिने, १७३७ साली करार करून तो कायम फ्लॉरेन्समध्येच राहील अशी तजवीज केली. त्यामुळे बोत्तिचेल्लीची ‘व्हीनसचा जन्म’ आणि ‘वसंत’ ही चित्रे जिथल्या लोकांसाठी काढली त्याच गावात पाहायला मिळतात. वास्तुकार ब्रुनेलेस्कीने १४२० ते १४३६ या काळात उभारलेला कॅथीड्रलचा घुमटही असाच थक्क करणारा आहे. एवढ्या रुंदीवर खालून लाकडी आधार देणे शक्य नव्हते, म्हणून त्याने दुहेरी कवच केले आणि विटा अशा तिरप्या वेणीत रचल्या, की चढत जाणारे बांधकाम स्वतःच स्वतःला पेलत गेले. वर चढताना आपण याच दोन कवचांच्या मधून जातो; पायऱ्यांचे कष्ट घ्यायचे ते केवळ वरून दिसणाऱ्या देखाव्यासाठी घेऊ नयेत.

मराठी प्रवाशासाठी फ्लॉरेन्समध्ये आणखी एक जागा आहे, जी सहल-कंपन्यांच्या कार्यक्रमात सहसा नसते. कोल्हापूरचे छत्रपती राजाराम महाराज, म्हणजे शाहू महाराजांच्या आधी गादीवर आलेले दुसरे राजाराम, १८७० साली इंग्लंडचा दौरा करून परतत असताना ३० नोव्हेंबर रोजी या शहरात वारले. तेव्हा ते जेमतेम विशीत होते. आर्नो आणि मुन्योने या नद्यांच्या संगमावर त्यांच्यावर हिंदू पद्धतीने अंत्यसंस्कार झाले, आणि १८७४ मध्ये कास्चिने उद्यानाच्या पश्चिम टोकाला त्यांचा अर्धपुतळा असलेली छत्री उभी राहिली. इटालियन लोक तिला ‘इंदियानो’ म्हणतात आणि जवळच्या नव्या पुलालाही तेच नाव आहे. उद्यान नदीकाठाने तीनेक किलोमीटर लांब पसरलेले असल्यामुळे ट्रामने सुरुवातीपर्यंत जाऊन पुढे रमतगमत चालावे किंवा सायकल भाड्याने घ्यावी. अर्धी सकाळ लागते. केवळ एवढ्यासाठी फ्लॉरेन्स निवडा असे मी म्हणणार नाही, पण कोल्हापूरच्या वाचकाचे पारडे इथे झुकले तर नवल नाही.

व्हेनिसमध्ये चित्रे कमी आहेत, असा समज होऊ नये. उलट तिथली काही उत्तम चित्रे संग्रहालयात न जाता आपल्या मूळ जागीच राहिली आहेत: फ्रारी चर्चमध्ये तिशियनचे मेरीच्या स्वर्गारोहणाचे भव्य चित्र ज्या वेदीसाठी रंगवले त्याच वेदीवर आहे, आणि शेजारीच सान रोक्कोच्या सभागृहात तिंतोरेत्तोने वीसहून अधिक वर्षे खपून भिंती आणि छत भरून टाकले आहे. एका सकाळी ही दोन्ही ठिकाणे होतात. फ्लॉरेन्सचा जुना चित्रकार जॉत्तो याची भित्तिचित्रे पाहायची असतील तर त्यासाठीही फ्लॉरेन्सला जावेच लागते असे नाही. व्हेनिसपासून गाडीने अर्ध्या तासावरच्या पादोव्हामध्ये स्क्रोव्हेन्यी चॅपेल आहे. तिथे ठरावीक संख्येने, ठरावीक मिनिटांसाठी आत सोडतात, म्हणून आगाऊ आरक्षण हवेच. बाकीचा वेळ व्हेनिसमध्ये नकाशा खिशात ठेवून भटकावे. वाट चुकली तरी पिवळ्या पाट्यांवर रिआल्तो, सान मार्को आणि रेल्वे स्थानक यांचे बाण सापडतात.

पाचवी पायरी: खर्च कुठे होतो ते पाहा

जेवणाखाणात दोन्ही शहरांत फार मोठा फरक नाही. फरक पडतो तो खोलीत आणि फिरण्यात. बेटावरची खोली फ्लॉरेन्समधल्या तशाच खोलीपेक्षा बहुधा महाग आणि लहान असते. म्हणून पुष्कळ जण खाडीअलीकडच्या मेस्त्रेमध्ये राहतात, जिथून गाडीने दहा-पंधरा मिनिटांत बेटावर येता येते. पैसे वाचतात, पण पहाट आणि रात्र हातची जाते, आणि व्हेनिस निवडण्याचे कारणच त्यात बुडते. मेस्त्रेमध्येच राहायचे असेल तर त्यापेक्षा फ्लॉरेन्सला जावे, असे माझे स्पष्ट मत आहे. बजेट तुटपुंजे असेल तर बेटावरच, पण सान मार्कोपासून दूर, कान्नारेज्यो किंवा कास्तेल्लो भागात शोधावे.

व्हेनिसमधल्या बोटीचे ७५ मिनिटांचे एक तिकीट अलीकडच्या दराने ९.५० युरो आहे, तर २४ तासांचा पास २५ युरो आणि ४८ तासांचा ३५ युरो. दिवसात तीनदा बोटीत बसायचे असेल तर पास परवडतो. गोंडोलाचा अधिकृत दर दिवसा अर्ध्या तासाला ९० युरो आणि संध्याकाळी सातनंतर ११० युरो असून तो संपूर्ण नावेचा आहे, माणशी नव्हे. पाच जणांपर्यंत बसता येते, म्हणून दोन जोडपी मिळून घेणे शहाणपणाचे. ज्याला नुसता अनुभव हवा आहे त्याने मोठा कालवा ओलांडून देणाऱ्या ‘त्रागेत्तो’ नावेत २ युरो देऊन बसावे; मिनिटा-दोन मिनिटांत पैलतीर येतो. फ्लॉरेन्समध्ये फिरण्याचा खर्च जवळजवळ शून्य, कारण सगळीकडे पायी जाता येते. पण संग्रहालयांच्या तिकिटांत ती बचत खर्ची पडते. सरकारी संग्रहालयांत अठरा वर्षांखालील मुलांना, कोणत्याही देशाची असोत, तिकीट लागत नाही. म्हणून दोन मुले असलेल्या कुटुंबाला फ्लॉरेन्स वाटते त्याहून स्वस्त पडते. मुलांचे पासपोर्ट मात्र जवळ ठेवावेत. दोन्ही शहरांत खोलीच्या दराव्यतिरिक्त माणशी, दर रात्रीचा वेगळा पर्यटक कर द्यावा लागतो.

सहावी पायरी: येण्या-जाण्याचा मार्ग जुळवा

फ्लॉरेन्सच्या विमानतळाची धावपट्टी आखूड असल्यामुळे लांब पल्ल्याची मोठी विमाने तिथे उतरत नाहीत, आणि जोराच्या वाऱ्यात छोटी विमानेही पिसा किंवा बोलोन्याला वळवली जातात. भारतातून जाणाऱ्याने म्हणून रोम, मिलान किंवा बोलोन्याला उतरून रेल्वेने फ्लॉरेन्सला जाणे अधिक खात्रीचे. रोमहून वेगवान गाडीला सुमारे दीड तास लागतो, मिलानहून दोन तासांच्या आत. व्हेनिसच्या मार्को पोलो विमानतळावर आखाती देशांमार्गे थेट उतरता येते, आणि हा व्हेनिसच्या बाजूचा मोठा मुद्दा आहे: व्हेनिसला उतरायचे, रेल्वेने खाली सरकत जायचे आणि रोमहून परतायचे. याउलट, जाण्या-येण्याचे तिकीट रोमचेच असेल तर व्हेनिससाठी प्रत्येक बाजूला सुमारे चार तास मोजावे लागतात, आणि तेव्हा फ्लॉरेन्सचे पारडे जड होते.

गाडीचे तिकीट काढताना शहरांची इटालियन नावे लक्षात ठेवावीत: फ्लॉरेन्स म्हणजे फिरेन्झे आणि व्हेनिस म्हणजे वेनेत्सिया. फ्लॉरेन्सला ‘सांता मारिया नोव्हेला’ स्थानकावर उतरायचे. काही गाड्या फक्त ‘काम्पो दि मार्ते’ किंवा ‘रिफ्रेदी’ या बाजूच्या स्थानकांवर थांबतात. व्हेनिसला ‘मेस्त्रे’ आधी येते आणि पुष्कळ जण घाईने तिथेच उतरतात. बेटावर जाण्यासाठी शेवटचे ‘सांता लुचिया’ गाठायचे. वेगवान गाड्यांचे दर विमानासारखे वाढत जातात, म्हणून ती तिकिटे आधी घ्यावीत. प्रादेशिक गाड्यांचे दर ठरलेले असतात, पण त्यांचे कागदी तिकीट चढण्यापूर्वी फलाटावरच्या यंत्रात छापून घेतले नाही तर दंड होतो. भाड्याची मोटार घेण्याचा विचार असेल तर फ्लॉरेन्सच्या मध्यभागी परवानगीशिवाय वाहन नेण्यास बंदी आहे आणि तिच्यावर कॅमेऱ्यांनी लक्ष ठेवले जाते, हे विसरू नये. दंडाची नोटीस कित्येक महिन्यांनी घरी येते.

सातवी पायरी: आरक्षणाचा क्रम

इटलीसह युरोपातल्या बऱ्याच देशांना एकत्र चालणाऱ्या शेंगेन व्हिसाच्या अर्जाबरोबर मुक्कामाचा तपशील जोडावा लागतो, त्यामुळे शहराची निवड अर्जापूर्वीच पक्की व्हायला हवी. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. किमान पंधरा दिवस आधी करण्याचा नियम असला तरी मे महिन्याच्या गर्दीत तेवढ्यावर विसंबू नये. सहलीत इतर शेंगेन देशही असतील तर ज्या देशात सर्वाधिक रात्री, त्याच्याकडे अर्ज करायचा; फ्लॉरेन्सची एक रात्र वाढवल्याने अर्जाचा देश बदलू शकतो. प्रवास विमा किमान ३०,००० युरोंचा असावा लागतो.

खोल्या आधी रद्द करता येतील अशा अटीवर घ्याव्यात आणि व्हिसा हाती आल्यावर पैसे परत न मिळणारी तिकिटे काढावीत. फ्लॉरेन्स ठरले असेल तर घुमट, उफिझी आणि अकादेमिया या क्रमाने आरक्षण करावे, कारण घुमटावरच्या वेळा सर्वांत आधी संपतात. इथे एक सापळा आहे: व्हेनिसमध्येही ‘अकादेमिया’ नावाचे मोठे चित्रसंग्रहालय आहे, आणि घाईत तिकीट काढणारे डेव्हिड पाहण्यासाठी व्हेनिसचे तिकीट घेऊन बसतात. शहराचे नाव दोनदा वाचावे. व्हेनिस ठरले असेल तर दोजेंचा (व्हेनिसच्या जुन्या सत्ताप्रमुखांचा) राजवाडा आणि सेंट मार्क बॅसिलिका एवढीच आरक्षणे पुरेशी आहेत; बाकी दिवस मोकळा सोडावा.

आठवी पायरी: ताटाचा विचार

फ्लॉरेन्स ज्यात येते तो तोस्काना प्रांत घेवडा-पावट्यासारख्या कडधान्यांचा आणि शिळ्या पावाच्या कल्पक वापराचा आहे. पाव, घेवड्याचे दाणे आणि काळसर कोबीची पाने घालून शिजवलेली ‘रिबोल्लिता’, टोमॅटो आणि पावाची दाट ‘पाप्पा अल पोमोदोरो’ हे पदार्थ शाकाहाऱ्यांना पोटभर मिळतात, फक्त मांसाचे पाणी म्हणजे ‘ब्रोदो’ घातले आहे का, हे विचारावे. तिथला पाव बिनमिठाचा असतो; ती स्वयंपाक्याची चूक नव्हे. व्हेनिसचे पारंपरिक ताट समुद्राचे आहे. तळलेली तारली कांदा आणि व्हिनेगरमध्ये मुरवून केलेले ‘सार्दे इन साओर’ हे कोकण-गोव्याच्या माणसाला परके वाटणार नाही, आणि ‘बाकारो’ नावाच्या छोट्या गुत्त्यांत उभ्याने खायचे ‘चिकेत्ती’ हे पावाच्या तुकड्यांवरचे जिन्नस स्वस्तात पोट भरतात. शाकाहाऱ्यांना व्हेनिसमध्ये पिझ्झा-पास्त्यावर भागवावे लागते, पण दोन रात्रींत त्याचा कंटाळा येत नाही. जैन वाचकांनी लक्षात ठेवावे, की पार्मेझान चीज तयार करताना प्राणिजन्य रेनेट, म्हणजे दूध घट्ट करणारा पदार्थ, वापरतात. दोन्हीकडे बिलात ‘कोपेर्तो’ म्हणजे माणशी बैठकीचे पैसे येतात, आणि बहुतेक स्वयंपाकघरे दुपारी तीन ते संध्याकाळी सात बंद असतात.

इतके करूनही दोन्ही हवीच असतील

तर किमान पाच रात्री काढाव्यात: आधी व्हेनिसला दोन, मग फ्लॉरेन्सला तीन. वार असे जुळवावेत, की सोमवार प्रवासात जाईल, कारण दोजेंचा राजवाडा सोमवारीही उघडा असतो आणि फ्लॉरेन्समध्ये त्या दिवशी मोठी दारे बंदच असतात. शनिवारी व्हेनिसला उतरावे, रविवारी पहाटे गर्दी येण्यापूर्वी सेंट मार्क चौकात जावे, सोमवारी सकाळचा राजवाडा उरकून दुपारची गाडी धरावी. संध्याकाळी फ्लॉरेन्सला सामान टाकून आर्नोच्या काठाने एक फेरी मारावी आणि लवकर झोपावे. उफिझीचे दार मंगळवारी सव्वाआठला उघडते, आणि पहिल्या तासाचे आरक्षण असेल तर बोत्तिचेल्लीच्या दालनात थोडी मोकळी जागा मिळते.